संपादनासाठी ‘आय-९ घ्या, ८ जीबी रॅम चालेल’ : या सल्ल्याला माझा विरोध आहे

गिरगावचा संकलक : व्हिडिओ संपादनाच्या लॅपटॉपसाठी सगळे पैसे आय-९ या इंटेलच्या वरच्या श्रेणीतल्या प्रोसेसरवर घालावेत आणि रॅम, म्हणजे चालू कामासाठी लागणारी मेमरी, ८ जीबी ठेवून पुढे वाढवावी, असे या मंचावरील ‘पडद्यामागे’ या सदस्यांनी नवशिक्यांना सुचवले आहे. ते वाचून गप्प बसवले नाही. लग्नाचे चित्रीकरण आता बरेचदा १०-बिट ४:२:२ एच.२६५ मध्ये होते, म्हणजे रंगांची माहिती जास्त पण फाइल घट्ट दाबलेली, आणि त्यातली एक फ्रेम दाखवायची तर शेजारच्या अनेक फ्रेम आधी उलगडाव्या लागतात. हे काम इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समधला (प्रोसेसरमध्येच असलेल्या चित्र हाताळणाऱ्या भागातला) क्विक सिंक हा व्हिडिओ उलगडणारा खास विभाग करतो, मग प्रोसेसर आय-५ असो वा आय-९. शिवाय पातळ लॅपटॉपमधला आय-९ मुंबईच्या मे महिन्यात तापला की वेग उतरवतो. मग आय-५ घेऊन वाचलेले पैसे रॅमवर का घालू नयेत?

पडद्यामागे : आपण सगळ्यांना लग्नाच्या मांडवात नेऊन बसवले आहे. मोबाइलवर चित्रीकरण करणाऱ्याची फाइल सहसा ४:२:०, म्हणजे रंगांची माहिती कमी असलेली, असते आणि ती कोणताही आजचा प्रोसेसर उलगडतो. जड फाइलच्या प्रॉक्सी, म्हणजे संपादनापुरत्या हलक्या प्रती, रात्री करायला लावाव्यात, सकाळी काम सुरळीत होते. मी अनेक वर्षे असेच काम करतो आहे. रॅम काय, मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केव्हाही वाढवून मिळते.

ठाणे फास्ट : केव्हाही वाढवून मिळते, हे कोणत्या जगात? माझ्या बहिणीला दुकानदाराने हेच सांगितले होते. लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिराने झाकण उघडून दाखवले, तर रॅमची पट्टी बसवायचा स्लॉटच नव्हता, काळ्या चिपा थेट बोर्डावर डाख दिलेल्या होत्या. मॅकबुकचे तेच आणि इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही या लॅपटॉप प्रोसेसरांच्या मालिकेत तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर असते, ३२ जीबीच्या वर मिळतच नाही. ही गोष्ट ग्राहकाला ठळकपणे न सांगणे ही माझ्या मते सरळ फसवणूक आहे.

पडद्यामागे : फसवणूक हा शब्द मागे घ्या. डाख दिलेली एलपीडीडीआर प्रकारची मेमरी कमी वीज खाते आणि वेगवानही असते, म्हणूनच लॅपटॉप हलके झाले. विरार लोकलमध्ये पाठीवर बॅग घेऊन उभे राहणाऱ्याला विचारा.

ठाणे फास्ट : मीही रोज उभाच असतो, म्हणून वजनाचे मला सांगू नका. हलका लॅपटॉप जरूर विका, पण रॅम कायमची आहे हे विकण्याआधी सांगा. ॲपलनेसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान मेमरी ८ वरून १६ जीबी केली, ती उगाच नव्हे.

गिरगावचा संकलक : आणि स्लॉट असला तरी ८ जीबीची एकच पट्टी लावली की मेमरी सिंगल चॅनलवर, म्हणजे दोनऐवजी एकाच मार्गाने, चालते. अंगभूत ग्राफिक्स त्याच रॅममधून वाटा घेते, त्यामुळे ग्राफिक्सची गतीही पडते आणि रॅममधली जागाही कमी होते. आय-९ घेऊन त्याच्या तोंडचा घास काढायचा, हा कसला हिशेब? प्रॉक्सीचे म्हणाल तर नवरीकडची मंडळी दुसऱ्या दिवशी सकाळीच झलक मागतात, तिथे रात्रच हाताशी नसते.

पडद्यामागे : ठीक आहे. स्लॉट नसलेल्या लॅपटॉपसाठी ८ जीबीचा सल्ला मी मागे घेतो, तेवढाच. पण महाविद्यालयीन मुलांवर ३२ जीबीची सक्ती लादू नका. आय-५, ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि प्रॉक्सी, एवढ्यावर त्यांचा लघुपट पूर्ण होतो.

गिरगावचा संकलक : १६ जीबीला माझी हरकत कधीच नव्हती. मात्र ज्याला चार कॅमेऱ्यांचे फुटेज एकत्र कापायचे आहे, त्याला ३२ जीबीच सांगा, आणि स्लॉट नसेल तर ती खरेदीच्या दिवशीच घ्यायला सांगा.