रॅम संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) मागचं काम सोडून पुढचंच का मारतो? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप जुना आहे. ४ जीबी रॅम, साधी फिरती हार्डडिस्क, २ जीबी स्वॅप (रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा), वर लिनक्स मिंट. जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) मजकुरात आणतोय. ते काम एका वेळी चार पानं असं मागे चालू ठेवतो, तेही नाइस १९ लावून, म्हणजे सगळ्यांत शेवटचा नंबर. पुढे लिबरऑफिस रायटरमध्ये मुद्रितशोधन.

परवा रात्री माऊसचा बाण चार-चार सेकंदांनी एक उडी मारायला लागला. डिस्कचा दिवा पेटलेलाच, आतून कुरकुर. टॉप (काय काय चालू आहे ते दाखवणारा प्रोग्राम) आधीच उघडं होतं, त्यात सगळ्यांत वर केस्वॅपडी, म्हणजे रॅम मोकळी करणारा कर्नलचा कामगार. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर गेलो, नाव टाकलं, तर पासवर्ड विचारायच्या आतच साठ सेकंद संपून लॉगिन बाद! दहाएक मिनिटांनी सगळं सुरळीत झालं, पण रायटर गायब. सेव्ह न केलेली अकरा पानं गेली. लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस’ आणि पुढे एसऑफिस, म्हणजे रायटरच. टेसरॅक्टच्या चारही प्रती मात्र ठणठणीत.

नाइस १९ लावूनही बळी रायटरचाच का? आणि मारायचंच होतं तर दहा मिनिटं कसली वाट पाहिली? फोनवर मागची ॲप्स बिनबोभाट बंद होतात की.

प्रतिसाद १
रॅम वाढवा.

धागाकर्ता
बोर्डवर सोल्डर केलेली आहे हो. नाहीतर धागा कशाला काढला असता?

प्रतिसाद २
नाइसचा संबंध फक्त सीपीयूच्या पाळीशी. २०१० पर्यंतच्या कर्नलमध्ये नाइस लावलेल्या प्रोसेसचे (चालू प्रोग्रामचे) ‘पाप-गुण’, म्हणजे कुणाला मारायचं ते ठरवणारे गुण, दुप्पट धरत. २.६.३६ मध्ये तो हिशेब नव्याने लिहिला आणि नाइस त्यातून गेलं. आता बघतात ते रॅम, स्वॅप आणि पेज टेबल (रॅमच्या वाटपाची नोंद) मिळून एकट्या प्रोसेसने किती जागा अडवली आहे. तुमची टेसरॅक्टची एकेक प्रत समजा साडेतीनशे एमबीची. चौघी मिळून रायटरला भारी पडतील, पण कर्नल बेरीज करत नाही. चित्रं घातलेली सव्वा जीबीची फाइल उघडी असेल तर तोच सगळ्यांत जाडा. मागचं-पुढचं हा भेद तुमच्या डोक्यात आहे, कर्नलला तो कुणी सांगितलाच नाही. अँड्रॉइडमध्ये सांगतात: कुठलं ॲप समोर आहे त्यावरून सिस्टम प्रत्येकाला गुण देते आणि एलएमकेडी हा रॅम मोकळी करणारा प्रोग्राम त्या क्रमाने मारतो.

दहा मिनिटांचं असं की मोकळी रॅम ठरलेल्या खुणेखाली गेली की केस्वॅपडी जागा होऊन रॅमचे तुकडे रिकामे करतो. त्याला झेपलं नाही आणि पातळी आणखी खाली गेली, की जो प्रोग्राम रॅम मागेल त्यालाच थांबवून साफसफाईला जुंपतात. अशा वेळी चालत्या प्रोग्रामचा कोडही रॅममधून टाकला जातो, कारण तो डिस्कवर आहेच. पुढच्या क्षणी तोच परत वाचावा लागतो. तुमची कुरकुर ती हीच. थोडीफार जागा सुटत राहते, म्हणून कर्नलला वाटतं अजून जमतंय.

टेसरॅक्ट चालू करताना चूम ही आज्ञा वापरून ओओएम स्कोअर ॲडजस्ट (त्या पाप-गुणांत घालायची भर) ८०० करा. मर्यादा उणे १००० ते अधिक १०००. वाढवायला रूट (प्रशासकाचे अधिकार) लागत नाही, कमी करायला लागतं. आणि चारऐवजी दोनच प्रती चालवा, खरा उपाय तो.

प्रतिसाद ३
पुन्हा अडकलात तर आल्ट-सिसआरक्यू-एफ दाबा (सिसआरक्यू म्हणजे कर्नलला थेट हुकूम द्यायची कळ). कर्नल त्याच क्षणी एकाला मारतो. उबंटू घराण्यात सिसआरक्यूचे कोणते हुकूम चालतील हे ठरवणारी मूळ किंमत १७६ असते, तिच्यात ही परवानगी नाही. आधी या परवानगीचे ६४ मिळवून २४० करून ठेवा.

धागाकर्ता
८०० लावलं, मुद्दाम चारच प्रती ठेवल्या. अडकलं, पण या वेळी टेसरॅक्ट मेलं, रायटर शाबूत. मंडळ आभारी आहे! नवी पंचाईत: टेसरॅक्टला एकेक पान देणारी स्क्रिप्ट तशीच पुढे गेली आणि १४३वं पान कोरं. अशी गळलेली पानं कशी ओळखू?

प्रतिसाद २
प्रत्येक पानानंतर एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना मिळतो तो आकडा) तपासा. १३७ आला म्हणजे ९ नंबरच्या, म्हणजे ठार मारायच्या सिग्नलने मेलं (१२८ अधिक ९). ते पान परत रांगेत टाका.