१/१० ब्रशलेस मॉन्स्टर ट्रक : मोटार तापते आहे, तरीही ४एसकडे वळावे का?

माळरान_परभणी

नमस्कार मंडळी. माझ्याकडे रिमोटवर चालणारा, १/१० मापाचा, चारही चाकांना ओढ असलेला ब्रशलेस (कार्बन ब्रश नसलेल्या विजेच्या मोटारीचा) मॉन्स्टर ट्रक आहे. मोटार ३६६० मापाची (व्यास ३६ मिमी, लांबी ६० मिमी), ३२०० केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३२०० फेरे) आणि बिनसेन्सरची. पिनियन (मोटारीवरचे छोटे दातेरी चाक) १५ दातांचे, स्पर (ते ज्याला फिरवते ते मोठे दातेरी चाक) ५७ दातांचा, दोन्ही ०.८ मॉड्यूलचे (हे दाताचे माप). बॅटरी ३एस (तीन सेल ओळीने जोडलेली; ४एस म्हणजे चार सेल), ५००० एमएएच. ईएससीवर (मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीवर) २एस ते ३एस एवढेच छापलेले आहे. मूळ टायर १३० मिमी व्यासाचे होते, परंतु ज्वारीच्या धसकटांवर आणि ढेकळांत गाडी सारखी अडखळत असल्यामुळे मी १५० मिमीचे टायर बसवले आणि तेव्हापासून ती रानात खरोखरच चांगली चालते.

अडचण अशी की, ऊन तापू लागल्यापासून सात-आठ मिनिटांतच ईएससी गरम होऊन गाडी बंद करते, मोटारीला हात लाववत नाही, आणि बॅटरी मात्र निम्मी शिल्लक असते. परदेशी व्हिडिओंमध्ये याच मापाच्या मोटारी ४एसवर, १८ दातांच्या पिनियनवर पळताना दिसतात आणि त्यांचे तापमान ६५ अंशांच्या पुढे गेलेले दिसत नाही. मीही नवी ईएससी घेऊन ४एस आणि १८ दातांचे पिनियन लावावे, की मोठी मोटार घ्यावी, की आहे त्याच मोटारीवर पंखे बसवून भागेल? याशिवाय उडीनंतर गाडीचे पोट जमिनीवर आपटते, त्यासाठी शॉक ॲब्सॉर्बरमध्ये कोणते तेल भरावे, हेही सुचवावे.

लेथ_वाळूज

नमस्कार. आपल्या गाडीचे दुखणे आपणच लिहून दिले आहे : टायर. टायरचा व्यास १३० वरून १५० झाला, म्हणजे गाडीचे गिअरिंग सुमारे १५ टक्क्यांनी उंच झाले, मोटारीच्या प्रत्येक फेऱ्याला गाडी तेवढी जास्त पुढे जाते. मूळ टायरवर १५ ऐवजी १७ दातांचे पिनियन लावले असते, तर मोटारीवर साधारण एवढाच भार आला असता. जमिनीवर तेवढीच ओढ मिळवण्यासाठी मोटारीला आता १५ टक्के अधिक करंट घ्यावा लागतो, आणि तारेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्यामुळे ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. जड टायरला प्रत्येक वेळी वेग देण्यासाठी लागणारी ताकद यात धरलेलीच नाही.

व्हिडिओतल्या ६५ अंशांविषयी सांगायचे तर, तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा उपयोगी नाही. तिथे हवा १८ अंशांची असेल, तर मोटार हवेपेक्षा ४७ अंशांनी तापली असा त्याचा अर्थ होतो. तीच वाढ परभणीच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांवर चढवली, तर ८९ अंश होतात. निओडिमियम चुंबकांच्या साध्या प्रती ८० अंशांच्या पुढे कायमची ताकद गमावू लागतात. अधिक उष्णता सोसणाऱ्या प्रती असतात, परंतु आपल्या मोटारीत कोणती बसवली आहे हे तिच्यावर लिहिलेले नसते; म्हणून मोटारीच्या बाहेरच्या अंगावर ८० ही शेवटची हद्द मानावी. हवेचे तापमान वजा करून उरणारी वाढ दर वेळी लिहून ठेवली, तर गिअरिंग चुकले की ऊन वाढले, हे लगेच कळते.

तापमान मोजताना एक खबरदारी घ्यावी. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत ॲल्युमिनियमवर धरला, तर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. मोटारीच्या मागच्या झाकणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा नखाएवढा तुकडा चिकटवून कायम तिथेच मोजावे, आणि गाडी थांबल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा एकदा मोजावे, कारण वारा थांबल्यावर आतली उष्णता बाहेर येते आणि आकडा आणखी चढतो.

तेव्हा नवी ईएससी घेऊन ४एस, मोठी मोटार आणि १८ दातांचे पिनियन हे तिन्ही विचार तूर्त बाजूला ठेवावेत. १३ दातांच्या पिनियनने मूळ गिअरिंग परत मिळते. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानात चालवायचे असल्यास मी १२ चेच लावीन. १५ वरून १२ वर येताना मोटार स्परकडे १.२ मिमी सरकवावी लागते, म्हणून माउंटच्या खाचेत तेवढी जागा आहे का, हे विकत घेण्याआधी पाहावे. दात जुळवताना वहीच्या कागदाची पट्टी मध्ये धरून मोटार दाबावी, स्क्रू आवळावेत आणि स्पर फिरवून पट्टी बाहेर काढावी. ती नागमोडी दुमडलेली पण न फाटता आली, म्हणजे अंतर योग्य आहे.

गोदाकाठ_नांदेड

वरच्या हिशेबाशी मी सहमत आहे, पण ४एसला असे एका वाक्यात निकालात काढणे मला पटत नाही. तीच ताकद १४.८ व्होल्टवर घेतली, तर बॅटरी, तारा आणि कनेक्टर यांमधून ११.१ व्होल्टच्या तुलनेत पाऊणपटच करंट जातो, कनेक्टर तापत नाही आणि थ्रॉटल दाबल्यावर व्होल्टेजही कमी कोसळते. माझी गाडी ४एसवर ३एसपेक्षा थंड चालते. अट एकच, वेगाची हाव धरू नये आणि गिअरिंग त्या प्रमाणात खाली आणावे.

लेथ_वाळूज

दादा, तत्त्व बरोबर आहे, पण या मोटारीवर ते बसत नाही, आणि बसत नाही हे शब्दशः घ्यावे. ३एसला १३ दात, तर ४एसवर त्याच वेगासाठी जेमतेम १० दात लागतील. ०.८ मॉड्यूलच्या १० दाती पिनियनचा दातांच्या तळाशी व्यास ६ मिमी भरतो आणि ३६६० मोटारीचा शाफ्ट बहुधा ५ मिमीचा असतो; म्हणजे दाताखाली अर्धा मिमी पोलाद उरते. असे पिनियन मी स्वतः यंत्रावर काढून देऊ शकतो, पण ते टिकेल अशी हमी देणार नाही. ४एस करायचेच असेल, तर मोटार २४०० केव्हीच्या आसपासची घ्यावी, म्हणजे व्होल्टला केव्हीने गुणून येणारे फेरे ३एसइतकेच राहतात. आणि तिच्याबरोबर ४एसची ईएससीही घ्यावी. सध्याच्या ३एसच्या ईएससीला पूर्ण भरलेल्या ४एस पॅकचे १६.८ व्होल्ट दाखवूसुद्धा नयेत. तिच्यातले कपॅसिटर आणि मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे भाग) तेवढ्या दाबासाठी निवडलेले नसतात. हा खर्च हौसेचा आहे, आजारावरचा इलाज नव्हे.

सोयाबीन_लातूर

पंख्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पंखा बसवावा, पण चुकलेले गिअरिंग तो सावरू शकत नाही. आपल्याकडे त्याचा खरा शत्रू फुफाटा आहे. वखरलेल्या रानात एकदा गाडी फिरवली की हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळ्या मातीचा थर बसतो आणि थंड होण्यासाठी केलेली सोयच गोधडीचे काम करू लागते. ब्रशने तो थर प्रत्येक वेळी काढावा. चाकांच्या बेअरिंगना वरून तेल सोडू नये, त्यावर धूळ धरते. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेल्या बेअरिंग बसवाव्यात. १०×१५×४ मिमी माप असल्यास ६७०० हा क्रमांक बेअरिंगच्या दुकानात सांगितला तरी पुरतो. पावसाळ्यात काळ्या रानात गाडी नेऊच नये, चाकांना चिकटणारा चिखल मोटारीला कोणत्याही पिनियनपेक्षा जड जातो. मुरमाड माळ असेल तर हरकत नाही.

बॅटरी धावून आल्यावर गार होऊ द्यावी आणि मगच चार्जिंगला लावावी. उन्हात उभ्या असलेल्या चारचाकीत ती ठेवू नये. आठवडाभर वापर नसेल, तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवावा. ईएससीचा कटऑफ (दर सेलचा ज्या व्होल्टवर ती गाडी थांबवते तो आकडा) ३.२ वर असल्यास ३.४ करावा, एखादा मिनिट कमी मिळेल, पॅक जास्त दिवस टिकेल.

माळरान_परभणी

सर्वांचे आभार. १२ दातांचे पिनियन बसवले आणि खाचेत मोटार जेमतेम का होईना, सरकली. संध्याकाळी हवा ३६ अंश असताना काळ्या टेपवर ७१ अंश दिसले आणि ईएससीने कटऑफपर्यंत एकदाही गाडी थांबवली नाही. डांबरी रस्त्यावरचा वेग कमी झाला आहे, त्याची खंत नाही. मात्र आता थ्रॉटल दाबताच गाडी पुढची चाके उचलून मागे कोलमडते. आणि शॉकच्या तेलाचे राहिलेच.

लेथ_वाळूज

हवेवर ३५ अंशांची वाढ, म्हणजे ४२ अंशांच्या दुपारीही ७७ च्या आसपास राहाल. चालेल, पण हाताशी फार शिल्लक नाही, म्हणून भर दुपारी १३ चे पिनियन लावू नये.

चाके उचलली जाणारच, कारण खाली आणलेल्या गिअरिंगमुळे चाकांवरचा पीळ वाढला. ईएससीमध्ये पंच (थ्रॉटल दाबताच मिळणारा सुरुवातीचा झटका) एक-दोन पायऱ्यांनी कमी करावा. गाडीत स्लिपर क्लच (झटका आल्यावर घसरून दात वाचवणारा क्लच) असेल, तर तो इतपत सैल असावा की उभ्या गाडीला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पहिल्या हातभर अंतरात किंचित घसरेल; त्याहून जास्त घसरला, तर पॅड जळून स्पर वितळतो.

पोट आपटण्यावर अनेकजण स्प्रिंगची कॉलर आवळतात. त्याने गाडी उंच उभी राहते, स्प्रिंग कडक होत नाही. सध्या ३५ क्रमांकाचे तेल असेल, तर ४५ चे भरून पाहावे, कारण उन्हात सिलिकॉन तेलही पातळ होते आणि आपल्या जड टायरांना आवरण्यासाठी तसेही थोडे दाट तेल लागते. तेवढ्याने आपटणे थांबले नाही, तर तेल आणखी दाट करण्याऐवजी एक पायरी कडक स्प्रिंग घ्यावी. तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वर-खाली करावा, शॉक उभा धरून बुडबुडे पूर्ण निघू द्यावेत, आणि पृष्ठभाग स्वच्छ दिसेपर्यंत झाकण लावू नये.