‘टेन्युअर-ट्रॅक’ हा जोडशब्द कसा घडला?

दापोलीकर: अमेरिकी विद्यापीठांच्या जाहिरातींत ‘टेन्युअर-ट्रॅक’ प्राध्यापकपदाचा उल्लेख असतो. या जोडशब्दाची व्युत्पत्ती कोणी सांगू शकेल काय?

खाडीपट्टा: ‘टेन्युअर’चे मूळ लॅटिन ‘तेनेरे’, म्हणजे धरणे, या धातूत आहे, जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला हा शब्द सरंजामी काळात जमीन कोणत्या अटींवर धारण केली आहे, हे सांगण्यासाठी रूढ झाला. आपल्या रत्नागिरीकडील खोतीलाही (खोताने गावाचा शेतसारा वसूल करून सरकारात भरण्याची वंशपरंपरागत पद्धत) इंग्रजी दप्तरांत ‘खोती टेन्युअर’ म्हणत. (ती १९४९ च्या कायद्याने रद्द झाली, हे येथे अनेकांना घरच्या कागदपत्रांवरून ठाऊक असेल.) जमिनीवरचा हाच धारणाधिकार पुढे पदालाही लागू झाला.

गुहागरवासी: ‘ट्रॅक’ फ्रेंच ‘त्राक’वरून आला, मूळ अर्थ माग, रुळाचा अर्थ नंतरचा. अमेरिकी प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या संयुक्त निवेदनात परिवीक्षाकाळ (कायम करण्यापूर्वीचा चाचणीचा काळ, प्रोबेशन) सात वर्षांहून अधिक नसावा, असे म्हटले आहे. कायमपदाकडे नेणाऱ्या त्या वाटेवरची जागा ती ‘टेन्युअर-ट्रॅक’.

दापोलीकर: म्हणजे आपला परिवीक्षाधीन अध्यापकच ना?

गुहागरवासी: पूर्णतः नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत परिवीक्षा एका वर्षाची असून ती आणखी एकच वर्ष वाढवता येते. तिकडे मात्र संशोधनाची कसून छाननी झाल्यावरच पद कायम होते.