रोजच्या गाडीने ट्रॅकवर जाताना डिस्क आणि सस्पेन्शन बदलावे का?

प्रश्न : माझी पोलो गाडी रोज पुण्यात धावते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील रेसिंग ट्रॅकवर ती पहिल्यांदाच न्यायची आहे. भोके पाडलेल्या ब्रेक डिस्क आणि गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंग घ्याव्यात काय?

उत्तर १ : डिस्कआधी ब्रेक ऑइल बदलावे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. मात्र ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते, मग वाफ होऊन पेडल थेट तळाला जाते. जास्त उष्णता सोसणारे ब्रेक पॅड त्यानंतर घ्यावेत. भोकांच्या कडेने डिस्कला तडे जातात, म्हणून साधी, आतून हवा खेळणारी डिस्कच मला अधिक भरवशाची वाटते.

उत्तर २ : सहमत. स्प्रिंग तर मुळीच नकोत; आपल्याकडचे गतिरोधक गाडीचे पोट खरवडतील! शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत नाहीत ना, एवढे तपासून पुढच्या चाकांना थोडा ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) द्यावा, म्हणजे वळणावर टायरची बाहेरची कड कमी झिजते.

उत्तर ३ : शेवटची फेरी सावकाश मारावी आणि ब्रेक तापलेले असताना हँडब्रेक ओढू नये.