३१ ऑक्टोबर १९८४ : शाळा सुटल्याची माझी आठवण खरी मानावी का?

कोपर्डेकर (प्रश्न)

इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी आपण कुठे होतो, हे माझ्या वयाच्या बहुतेकांना सांगता येते आणि मीही गेली चाळीस वर्षे ते कोणी विचारो वा न विचारो सांगत आलो आहे. मी तेव्हा कराड तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत चौथीत होतो. आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाच्या फांदीला तारेने टांगलेला रुळाचा तुकडा होता. त्या दिवशी मधल्या सुट्टीला बराच वेळ असताना त्यावर टोल पडू लागले, आम्हाला पटांगणात रांगेने बसवण्यात आले आणि मोठ्या गुरुजींनी "आपलं माणूस गेलं" एवढेच म्हणून धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी येऊ शकते हे मला तेव्हा प्रथमच कळले. मी दादाचा ढगळ स्वेटर घातला होता आणि त्याच्या बाहीची सुटलेली लोकर बोटाला गुंडाळत बसलो होतो. दोन मिनिटे शांतता पाळून शाळा सोडून देण्यात आली.

गेल्या महिन्यात हा प्रसंग मी मुलीला सांगत होतो. तिने सहज मोबाइलवर १९८४ची दिनदर्शिका काढली आणि विचारले, "बाबा, त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात होती. मग ३१ तारखेला तुमची शाळा भरली कशी?" मला उत्तर देता आले नाही. आमच्याकडे दिवाळीची सुट्टी तेव्हाही तीन आठवड्यांची असे, म्हणजे ३१ ऑक्टोबरला शाळेला कुलूप असणार. शिवाय हत्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास झाली असली, तरी निधनाची अधिकृत घोषणा आकाशवाणीने संध्याकाळी सहा वाजता केली. मग आमच्या गुरुजींना ती बातमी मधल्या सुट्टीच्या आधी कोणी दिली?

त्या काळात शाळेत असलेल्यांना किंवा शिकवत असलेल्यांना माझा प्रश्न आहे. कुठे सुट्टी उशिरा सुरू झाली होती का? की माझी आठवणच खोटी आहे? रुळाचा तुकडा, सोगा आणि बाहीची लोकर या तिन्ही गोष्टी मी रचलेल्या आहेत, हे मानायला मन तयार होत नाही.

निवृत्त शिक्षक

त्या वर्षी मी पाटण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवत होतो. ३१ ऑक्टोबर हा बुधवार होता आणि आपल्या भागातील शाळांना तेव्हा दिवाळीची सुट्टी होती, याविषयी मला शंका नाही. मी स्वतः त्या दिवशी घरी होतो आणि दुपारपासून गावात कुजबूज सुरू झाली होती, कारण कोणीतरी बीबीसीवर ऐकले होते. आमच्याकडे एक प्रकारचा हट्टच होता की आकाशवाणी सांगत नाही तोवर खरे मानायचे नाही. त्यामुळे सहाच्या बातम्यांपर्यंत चावडीपुढे माणसे नुसती उभी होती.

परंतु आपली आठवण खोटी आहे असे मला वाटत नाही. ती तारीख चुकलेली आठवण असावी. आपण दिलेल्या तपशिलातच दोन खुणा आहेत. पहिली खूण म्हणजे स्वेटर. कराडच्या बाजूला ऑक्टोबरअखेर, तेही सकाळी दहा-अकराच्या उन्हात, चौथीतला मुलगा स्वेटर घालून बसणार नाही. दुसरी खूण गुरुजींच्या वाक्यात आहे. इंदिरा गांधींविषयी बोलताना ते "आपल्या पंतप्रधान" म्हणाले असते, "इंदिराजी" म्हणाले असते, किंवा आमच्या पिढीत सर्रास म्हणत तसे "इंदिराबाई" म्हणाले असते. "आपलं माणूस" हे शब्द कराड तालुक्यातील एखादा वयस्क गुरुजी १९८४ मध्ये कोणासाठी वापरील, याचे माझ्या दृष्टीने एकच उत्तर आहे.

यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत गेले. इंदिरा गांधींच्या हत्येला तेव्हा चार आठवडेही झाले नव्हते. तो रविवार होता. सोमवारी सकाळी शाळा भरली तेव्हा सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झालेले होते आणि थंडीही पडू लागली होती. आमच्या शाळेत प्रार्थना झाल्यावर मुख्याध्यापकांनी बातमी सांगितली आणि शाळा सोडली. इतर शाळांत ती थोड्या वेळाने पोहोचली असेल, कोठे कार्यालयाचा निरोप येईपर्यंत थांबले असतील. यशवंतराव राज्याचे पहिले मुख्यमंत्री, चीनच्या युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले, पुढे उपपंतप्रधान झालेले, हे सगळे पुस्तकातले झाले. आमच्या भागात त्यांना नुसते "साहेब" म्हणत. देवराष्ट्र्यात जन्मलेला आणि कराडच्या टिळक हायस्कुलात शिकलेला मुलगा हिमालयाच्या मदतीला धावून जातो, याचा अभिमान प्राथमिक शिक्षकांना विशेष होता, कारण त्यांच्यातील बरेच जण तशाच घरांतून आलेले होते. साहेबांना कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर निरोप दिला गेला तेव्हा मी त्या गर्दीत होतो. वाळवंटात पाय ठेवायला जागा नव्हती आणि एवढ्या माणसांत आवाज मात्र नव्हता.

आपले गुरुजी रडले असतील ते साहेबांसाठी. मोठेपणी त्या वर्षाचे नाव घेतले की सगळ्यांना इंदिराजीच आठवतात, म्हणून आपल्या मनाने त्यांचे अश्रू तिकडे जोडले असावेत.

गिरगावकरीण

सरांच्या म्हणण्याला माझ्याकडे एक लेखी आधार आहे, तो मुंबईचा असला तरी. माझी आई कालनिर्णयच्या चौकोनांत दुधाचा, इस्त्रीचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब लिहीत असे आणि वर्ष संपले की ते कालनिर्णय गुंडाळून कपाटावर टाकत असे. ती गेल्यावर आवराआवर करताना १९८४चे सापडले. ३१ ऑक्टोबरच्या चौकोनात "दूध २" आणि त्याखाली बारीक अक्षरांत "इंदिराबाई गेल्या" असे आहे. १ तारखेला "दूध नाही", २ तारखेला "दूध नाही, पावडर", ३ तारखेला "टीव्ही, जोशांकडे" असे लिहिले आहे. ३ तारखेला दिल्लीत अंत्यसंस्कार झाले आणि ते दूरदर्शनवर दाखवले गेले, त्याची ही नोंद असणार. २५ नोव्हेंबरच्या चौकोनात "यशवंतराव" एवढा एकच शब्द आहे आणि दुधाचा आकडा लिहायचा राहून गेला आहे.

मला स्वतःला विचाराल, तर इंदिराजींची बातमी मी आमच्याच घरी टीव्हीवर पाहिली असे मी इतकी वर्षे शपथेवर सांगत होते. आमच्याकडे टीव्ही १९८६ साली आला. त्याच्या पावतीवरची तारीखही आईने जपून ठेवली होती. माणसाने आईशी वाद घालू नये, ती गेल्यानंतर तर मुळीच नाही.

ऑफ स्टंप

माझा तो दिवस वेंगसरकरच्या नाबाद ९४ धावांशी बांधलेला आहे. सियालकोटला पाकिस्तानविरुद्ध एकदिवसीय सामना चालू होता, चाळीस षटकांत भारताच्या ३ बाद २१० झाल्या होत्या आणि भारताच्या डावानंतर सामना सोडून देण्यात आला. पुढे दौराच रद्द झाला. मी नेहमी सांगतो की हे मी ट्रान्झिस्टरवर ऐकत होतो आणि समालोचन मध्येच थांबले. हा धागा वाचून खात्री उरली नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर तो धावफलक वाचला असणेही तितकेच शक्य आहे. धावा मात्र बरोबर आहेत, त्या पडताळून पाहता येतात.

या विषयाचा अभ्यास करणारे उल्रिक नायसर नावाचे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्वतःच या फेऱ्यात सापडले होते. १९४१ साली पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी आपण रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकताना ऐकली, असे त्यांना लख्ख आठवत असे. हल्ला ७ डिसेंबरचा आणि अमेरिकेत डिसेंबरात बेसबॉल खेळत नाहीत, हे त्यांच्या कित्येक वर्षांनी लक्षात आले. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की त्या दिवशी फुटबॉलचा सामना होता आणि त्यातील संघांची नावे बेसबॉलच्या संघांसारखीच होती. आपल्या दिवाळीच्या सुट्टीचे प्रकरण मला हुबेहूब तसे वाटते. याच नायसर यांनी १९८६ साली चॅलेंजर यानाचा स्फोट झाल्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांकडून "तुम्हाला बातमी कुठे कळली" हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यापैकी काहींना पुन्हा विचारले. अनेकांनी पूर्ण वेगळी हकिगत आत्मविश्वासाने सांगितली, आणि स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही मूळ प्रसंग त्यांना आठवला नाही.

दिल्लीकर

मी विषयाला धरूनच लिहितो, पण थोड्या वेगळ्या बाजूने. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. इंदिराजींना ज्या एम्समध्ये नेले ते आमच्यापासून फार लांब नाही. मी कॉलेजात होतो आणि दुपारी मित्रांबरोबर तिकडे जाऊन गर्दीत उभाही राहिलो. तरीही ३१ तारखेचे मला फारसे काही सांगता येत नाही. त्या संध्याकाळपासून रुग्णालयाच्या आसपासच्या वस्त्यांत शिखांना गाड्यांतून ओढून मारायला सुरुवात झाली आणि पुढच्या तीन दिवसांनी आधीचे सगळे पुसून टाकले. दिल्लीत मारल्या गेलेल्यांचा सरकारी आकडा २,७३३ आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सरदार कुटुंब होते. १ नोव्हेंबरला सकाळी वडिलांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, वर जाऊन त्यांच्या दारावरची नावाची पितळी पाटी काढली आणि पाटीचे चार स्क्रू काड्यापेटीत घालून ती पेटी आमच्या देव्हाऱ्याच्या खणात ठेवली. काका, काकू आणि त्यांची दोन मुले तीन रात्री आमच्या आतल्या खोलीत होती. आईने त्यांना भाकरी आणि पिठले वाढले, कारण बाजार बंद होता आणि घरात तेवढेच होते. बाहेर काय चालले आहे हे विचारायचे नाही, असा घरात न बोलता झालेला ठराव होता. छतावरून पाहिले की धूर दिसे. काकूंना छतावर येऊ देत नव्हतो.

पाटी डिसेंबरात पुन्हा लागली, पण तीन स्क्रूंवर. चौथा सापडला नाही. पुढच्या वर्षी ते लोक बदली घेऊन गेले.

या आठवणीत एखादी तारीख इकडची तिकडे झालेली असू शकते, हे वर लिहिलेले वाचून मी मान्य करतो. मात्र "तुम्ही तेव्हा कुठे होता?" हा प्रश्न दिल्लीत कोणी सहज गप्पांत विचारत नाही. शीख मित्रांना तर मी तो कधीच विचारलेला नाही.

कोपर्डेकर

सर्वांचे मनापासून आभार. दिल्लीकर, आपले लिहिणे वाचून माझा प्रश्न मला फारच किरकोळ वाटला, तरीही पुढे काय झाले ते सांगणे मी लागतो.

सरांचा प्रतिसाद वाचून मी माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा दहावीत. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितले की शाळा सुटली ती यशवंतरावांच्या वेळी. तिच्या हायस्कुलातही सुटली होती आणि घरी आल्यावर आमच्या आजोबांनी दुपारी जेवण घेतले नव्हते. "गुरुजींचं तू इंदिरा गांधींच्या नावावर खपवतोस हे मी इतकी वर्षे ऐकते आहे, पण तू इतकं रंगवून सांगायचास की मोडवत नव्हतं," असे तिने वर ऐकवले.

मग मी तिला विचारले की ३१ ऑक्टोबरला आपण होतो कुठे. तिच्या म्हणण्याप्रमाणे आम्ही भाऊबीजेनंतर मामाच्या गावी राहिलो होतो आणि त्या दिवशी सगळे मळ्यात भुईमूग काढत होते. दिवेलागणीला मामा सायकलवरून गावातून आला, बांधावर सायकल आडवी टाकली आणि बातमी सांगितली. घरी आल्यावर मी आणि मामेभाऊ उरलेले फटाके उडवायला निघालो, तेव्हा मामाने ते आमच्या हातातून काढून घेतले.

मळा, सायकल, मामाचे बोलणे, यांतले मला काहीही आठवत नाही. ज्या दिवसाविषयी मी चाळीस वर्षे बोललो तो माझ्यापाशी नाहीच. फक्त मामाच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्याशेजारी, लाल कागदातली लवंगी फटाक्यांची एक अख्खी माळ होती. आम्ही खाली उभे राहून ती मागत होतो आणि आजी म्हणत होती, "आता तुळशीच्या लग्नाला." ते मला नेहमी आठवायचे. दिवाळीतच ती माळ वर का गेली होती, हे मात्र कधी कळले नव्हते.