चरित्रात्मक कादंबऱ्यांनंतर काय वाचावे?

कोथरूडचा वाचक (प्रश्न)

गेली काही वर्षे मी निव्वळ आवड म्हणून ऐतिहासिक आणि चरित्रात्मक कादंबऱ्याच वाचत आलो. या पावसाळ्यात नारायण पेठेतल्या ग्रंथालयातून व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ आणली आणि तेव्हापासून पानापानावर भाषणे ठोकणारे नायक सोसवेनासे झाले आहेत. धनगरांच्या वस्तीवर नेमणूक झालेला एक कोवळा मास्तर जे पाहतो तेवढेच सांगतो. बैलाची जोड नाही म्हणून शेकूची बायको स्वतःच औताला खांदा देते, तो प्रसंग माडगूळकर इतक्या संयमाने लिहितात की हळहळ करण्याचे काम संपूर्णपणे वाचकावर येऊन पडते. सगळ्या वाडीने राबून उभी केलेली तालीम आणि पुढे दुष्काळात रिकामी होत गेलेली तीच वाडी, यांबद्दलही ते कुठे गळा काढत नाहीत. लेखक असा बाजूला उभा राहतो अशा आणखी कादंबऱ्या कोणत्या? अभ्यासासाठी नको, आनंदासाठी हव्या आहेत.

सदाशिव पेठेतील वाचक

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) या दोन्ही मी अलीकडेच पाठोपाठ वाचल्या आणि तशाच वाचाव्यात असे मनापासून सुचवते. दोन्हींत शिंप्याचे घर आहे आणि दोन्हींत ते घर बाईच्या जिवावर उभे आहे. पण ‘धग’मधली कौतिक आपल्याला बाहेरून, तिच्या कष्टांतून आणि वऱ्हाडी बोलण्यातून कळत जाते, तर ‘पाचोळा’त संसाराची वाताहत ती भोगणारी बायकोच मराठवाडी बोलीत सांगते. तुमच्या कसोटीला मला ‘पाचोळा’ अधिक उतरते, कारण तिथे लेखकाला मध्ये बोलायला जागाच उरलेली नाही. नवऱ्याचा हट्ट तिला दिसतो, त्याचा शेवट कुठे होणार हेही उमगते, आणि तरी ती त्याला दोष देऊन मोकळी होत नाही. हे मला कोणत्याही भाष्यापेक्षा मोठे वाटते. बोलीची पहिली काही पाने जड जातील. ती मोठ्याने वाचावीत, नंतर कान आपोआप सरावतो.

‘आनंदासाठी’ हा तुमचा शब्द मी विसरलेले नाही. ही पुस्तके दुःखाची आहेत, पण ती वाचताना मिळालेले समाधान मला हलक्याफुलक्या वाचनातून क्वचितच मिळते.

एरंडवण्यातून

माझे मत थोडे वेगळे आहे. जाडजूड पुस्तकांवर सरसकट फुली मारू नये. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) दोन खंडांची आहे आणि गेल्या उन्हाळ्यात ती वाचताना एकही पान जास्तीचे वाटले नाही. कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठावरचे एक खोत घराणे ब्रिटिश अमदानीपासून गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीपर्यंत पिढ्यानपिढ्या बदलत जाते आणि पूर्वजांचा तऱ्हेवाईकपणा कुठल्यातरी नातवात वेगळ्याच रूपाने डोके वर काढतो. ही ओळख पटण्यातली गंमत लहान कादंबरीत मिळूच शकत नाही, कारण त्यासाठी वाचकानेही त्या वाड्यात बराच काळ राहिलेले असावे लागते. पेंडसे बाजूला उभे राहत नाहीत हे खरे. पण ते माणसांवर इतके लुब्ध आहेत की त्यांचे मध्ये येणे मला कधी खटकले नाही.

डेक्कनवरून

विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) अजून कोणी सुचवली नाही याचे नवल वाटते. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि त्यांच्यातल्या हॅर्टामध्ये गुंतत जाणारा चक्रधर विध्वंस. दुसरे महायुद्ध ज्या वर्षी पेटले त्याच वर्षी मराठीत हे लिहिले गेले, याचे मला आजही अप्रूप आहे. चक्रधर स्वतःच निवेदक असल्यामुळे त्याचा कोरडेपणा आणि त्याची माया दोन्ही त्याच्याच तोंडून कळतात, आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे. शेवट मुद्दाम सांगत नाही. ज्यांनी वाचली आहे त्यांनीही इथे फोडू नये ही विनंती.

आणि ‘रणांगण’ आवडली तर विश्राम बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई बेडेकर यांनी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिलेली ‘बळी’ (१९५०) जरूर शोधावी. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या, ‘गुन्हेगार’ ठरवल्या गेलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी स्वतः काम केले होते, आणि त्या अनुभवातून ही कादंबरी आली. एकाच घरातून दोन इतक्या वेगळ्या कादंबऱ्या निघाल्या, तरी ‘बळी’विषयी बोलणारे फार थोडे भेटतात. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत ती न मिळाल्यास जुन्या ग्रंथालयांत चौकशी करावी.

कोथरूडचा वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी ‘पाचोळा’ घेतो, मग ‘बळी’. ‘तुंबाडचे खोत’ दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवतो. ‘रणांगण’ कोणाकडे असल्यास वाचून परत करण्याच्या बोलीवर मिळेल का?