मदत हवी आहे: महापालिकेच्या निविदेत पहिल्याच लिफाफ्यात अपात्र, सोमवारी दुसरा उघडणार. काय करू?

लोखंडी_बाक (गुरुवार, रात्री)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. दोन वेल्डिंग मशीन, एक पाइप वाकवायचं यंत्र आणि आम्ही पाच जण. शाळेचे बाक, रॅक, कपाटं करतो. आजवर खासगी शाळांनाच माल दिला. यंदा धीर करून एका महापालिकेची ४०० बाकांची ई-निविदा भरली. अंदाजित रक्कम १६ लाख ८० हजार, बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत) एक टक्का, म्हणजे १६,८००.

आज दुपारी मेल आला, तांत्रिक लिफाफ्यात (म्हणजे कागदपत्रांच्या छाननीत) अपात्र. महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर) लॉगिन करून पाहिलं तर कारणं दोन. एक, प्रतिज्ञापत्र ५०० च्या स्टॅम्पवर हवं होतं, मी १०० च्या स्टॅम्पवर जोडलं. दोन, बयाणा भरलेला नाही आणि जोडलेलं उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगांची केंद्राकडची नोंदणी) सवलतीला पात्र नाही.

स्टॅम्पचं खरं आहे. कपाटात जुना १०० चा कोरा पडला होता, नोटरीनेही काही न बोलता शिक्का मारला. पण बयाण्याचं डोक्यात जात नाही. निविदेत 'सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाण्यातून सूट' असं स्पष्ट लिहिलंय. पोर्टलवर सूट विचारली तिथं 'येस' केलं, उद्यमची पीडीएफ चढवली, बिड फ्रीझ केली (म्हणजे निविदा पक्की करून सादर केली), पावतीही आली. मग अपात्र कसा?

मी दर चांगला टाकलाय. सोमवारी दुपारी तीनला आर्थिक, म्हणजे दरांचा लिफाफा उघडतील. स्टॅम्पसाठी एवढं काम घालवायचं? कोर्टात जावं का? आणि एकूण तिघांनीच निविदा भरली होती, उरलेल्या दोघांचा पत्ता एकाच गल्लीतला आहे, याला काही अर्थ आहे का?

टेंडरवाला_भाऊ

पहिल्या वेळेला सगळ्यांचं असंच होतं रे. माझी पहिली निविदा तर फ्रीझ करायचीच राहिली होती. सगळी कागदपत्रं चढवली, दर टाकला आणि निवांत चहाला गेलो. परत येतो तर वेळ संपलेली. पोर्टल आपल्या मनगटावरच्या घड्याळाला विचारत नाही, त्याचं सर्व्हरचं घड्याळ चालतं.

आता एक काम कर. उद्यम प्रमाणपत्र उघड आणि 'मेजर अ‍ॅक्टिव्हिटी'समोर काय आहे ते इथं लिही. खाली एनआयसी कोड (धंद्याचा प्रकार सांगणारे आकडे) असतील, त्यांचे पहिले दोन आकडेही सांग.

लोखंडी_बाक

भाऊ, 'ट्रेडिंग' लिहिलंय. कोड ४६ ने सुरू होतो. पण मी बाक स्वतः करतो! नोंदणी केली तेव्हा मी दुसऱ्यांचं फर्निचर आणून विकत होतो. सायबर कॅफेवाल्याने भरून दिलं होतं, शेड नंतर टाकली.

आवकजावक

तीस वर्षं नगरपालिकेच्या लेखा विभागात काढली, आता निवृत्त. तुमचा खरा खड्डा हा आहे. स्टॅम्प तात्पुरता बाजूला ठेवा.

व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी पुन्हा खुली झाली ती २ जुलै २०२१ च्या केंद्राच्या आदेशाने. त्याच आदेशात लिहिलंय की ४५, ४६ आणि ४७ या कोडवाल्यांना लाभ मिळेल तो फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जाचा. खरेदीतल्या सवलती त्यात नाहीत. म्हणजे उद्यमचा नंबर तुमच्याकडे आहे, पण त्यावर बयाणा माफ होत नाही. छाननी करणाऱ्या लिपिकाने कोड वाचला, त्याची चूक काढता येणार नाही. खरं सांगायचं तर बरेच जण तेवढं वाचतही नाहीत.

दुसरं, २०१२ चं सूक्ष्म-लघु उद्योगांचं खरेदी धोरण, ज्यात २५ टक्के खरेदी लहान उद्योगांकडून करायची आहे, ते केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी आहे. महापालिकेत ते दाखवून भांडू नका. तिथं निविदेची अट आणि राज्याचे शासन निर्णय चालतात. भांडार खरेदीची राज्याची नियमपुस्तिका १ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने आली आहे. एकदा शांतपणे वाचून काढा, झोप चांगली लागते.

मुक्ता_वकील

काकांशी सहमत, पण स्टॅम्पचा मुद्दा सोडून देऊ नका, तो लेखी नोंदवलेला बरा.

निविदेच्या अटी दोन प्रकारच्या असतात. काही गाभ्याच्या, त्या मोडल्या तर निविदा बाद. काही दुय्यम, त्यातली चूक प्राधिकरण माफ करू शकतं. पोद्दार स्टील विरुद्ध गणेश इंजिनिअरिंग वर्क्स हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल याच मुद्द्यावर आहे. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याचं भंगार विकायचं होतं. बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने भरा अशी अट होती, आणि एकाने युनियन बँकेचा चेक दिला. न्यायालय म्हणालं, पैसे सुरक्षित होते, चूक किरकोळ होती, माफ केली ते योग्यच. यातली गंमत लक्षात घ्या: तिथं बयाणा भरलेला होता, फक्त कागद वेगळा होता. तुमच्याकडे बयाणाच नाही.

स्टॅम्पचं मात्र उलट आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पचे १०० चे ५०० झाले. तूट ४०० रुपयांची. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात कमी मुद्रांकाचा दस्त तूट आणि दंड भरून नियमित करता येतो, दंड महिन्याला तुटीच्या दोन टक्के. तुमच्या बाबतीत महिन्याला आठ रुपये! आठ रुपयांच्या दंडाने सुधारणारी चूक ही गाभ्याची अट आहे असं कुणी म्हणालं तर मी नक्की वाद घालेन.

खिडकी_नं_४

पण प्रतिज्ञापत्राला सरकारी कामात स्टॅम्प लागतच नाही ना? आमच्या तहसीलला तर साध्या कागदावर घेतात.

आवकजावक

ते जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला वगैरेंसाठी. निविदेत ५०० लिहिलंय ना, मग ५००. पटत नसेल तर निविदापूर्व बैठकीत विचारायचं असतं. तिथं विचारलं की शुद्धिपत्रक काढावं लागतं आणि ते सगळ्यांना लागू होतं. लिफाफा उघडल्यावर अटीवर बोलणं म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणं.

मुक्ता_वकील

कोर्टाबद्दल. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण टाटा सेल्युलर (१९९४) पासून न्यायालयं निविदेत निर्णय कसा घेतला तेवढंच बघतात, कुणाला काम द्यावं हे ठरवायला बसत नाहीत. १६ लाखांच्या कामासाठी आणि बयाणा नसताना मी तुम्हाला जायला सांगणार नाही. माझी फी बुडाली तरी चालेल.

आणि जाणारच असाल तर उशीर नको. १९७९ च्या सांताक्रूझ विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की प्राधिकरणाने स्वतःच घातलेली पात्रतेची अट मोडली. तरी अर्जदाराच्या हाती काही लागलं नाही, कारण तो महिने घालवून आला आणि तोवर ठेकेदाराने पैसे गुंतवून धंदा सुरू केला होता.

टेंडरवाला_भाऊ

उद्या सकाळी दहाला जा. भांडार विभागाच्या साहेबांकडे नाही, आधी आवक खिडकीला. पत्राच्या दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. तोंडी 'बघतो' म्हणाले तर गोड हसून तिथंच उभं राहायचं. पत्र एका पानाचं, भाषा नम्र. 'अन्याय', 'भ्रष्टाचार', 'सेटिंग' हे शब्द काढून टाक. आयुक्तांच्या नावे लिही, प्रत मुख्य लेखापालांना.

आणि निविदेच्या कागदात बघ, पहिल्या वेळेला किमान किती पात्र निविदा लागतील असं काही लिहिलंय का? तिघे होते म्हणालास ना?

लोखंडी_बाक

भाऊ, पान १९ वर आहे! 'प्रथम निमंत्रणात किमान तीन पात्र निविदाकार नसल्यास आर्थिक लिफाफा न उघडता फेरनिविदा मागविण्यात येईल.' हे मी वाचलंच नव्हतं. म्हणजे मी बाद झालो तर दोघेच उरतात?

टेंडरवाला_भाऊ

आता कळलं का कुठं बोट ठेवायचं? पत्रात पहिला मुद्दा हाच. स्वतःसाठी रडायचंच नाही. 'आपल्याच अटीनुसार कार्यवाही व्हावी', बस्स.

खिडकी_नं_४

पण केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत, नियम १७३ मध्ये, नुसत्या संख्येवरून स्पर्धा झाली नाही असं म्हणता येत नाही असं आहे. एकच निविदा आली तरी चालते.

आवकजावक

बरोबर वाचलंत, पण ते केंद्राचं. इथं निविदेतच तीनची अट घातली आहे, आणि घातलेली अट घालणाऱ्यालाही बांधते. वर मुक्ताताईंनी विमानतळाचं सांगितलं ते याचसाठी.

एकाच गल्लीतल्या दोघांबद्दल: पत्ता जवळ असणं हा पुरावा नाही. भावकीत दोन दुकानं असतातच. संगनमत सिद्ध झालं तर प्रकरण जड जातं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रकल्पांच्या निविदांत संगनमत केलं म्हणून स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये कंपन्यांना दंड केला आहे. पण हातात कागद नसताना पत्रात अक्षर लिहू नका. निविदा संपली की माहिती अधिकारात तुलनात्मक तक्ता आणि छाननीचा अहवाल मागा. जोडपत्र 'अ', दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. आत्ता मागितलंत तर प्रक्रिया चालू आहे म्हणून नाकारतील.

लोखंडी_बाक (शुक्रवार, संध्याकाळी)

जाऊन आलो. आवक खिडकीवरच्या बाईंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं, 'यात तक्रार कुठंय?' म्हणाल्या आणि शिक्का मारला. नंतर लेखा विभागात गेलो. तिथले साहेब चांगले निघाले. म्हणाले, स्टॅम्प आम्ही मागवून घेतला असता, बयाण्याला इलाज नाही. पान १९ दाखवलं तर चष्मा काढून दोनदा वाचलं.

बाहेर पडताना एक जण हळूच म्हणाला, 'घाई कशाला, तुमचे शंभर-शंभर बाक कोटेशनवर घेऊन टाकू, चार वेळा.' मी हसलो आणि निघालो. हे चालतं का?

आवकजावक

नाही. एकाच मालाची मागणी तोडून निविदेच्या मर्यादेखाली आणणं, आमच्याकडे याला तुकडे पाडणं म्हणतात. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप यावरच येतो. बिलं अडकतात ती पुरवठादाराची, सुचवणाऱ्याचा पगार चालूच राहतो.

लोखंडी_बाक (बुधवार)

सोमवारी लिफाफा उघडला नाही. काल पोर्टलवर फेरनिविदेची सूचना लागली. सगळ्यांचे आभार, ताईंचे आणि काकांचे विशेष.

उद्यममध्ये बदल करून घेतला, उत्पादनाचा कोड टाकला. तरीही या वेळी सूट मागत नाही, १६,८०० ऑनलाइन भरतोय. प्रत्येक निविदेला चलनात खाते क्रमांक वेगळा येतो आणि रक्कम रुपयाला रुपया जुळावी लागते हे भाऊंनी फोनवर सांगितलं, म्हणून बँकेत स्वतः गेलो. ५०० चा स्टॅम्प काही मिळाला नाही, शंभराचे पाच जोडून दिले. चालतील ना?

मुक्ता_वकील

चालतील. मजकूर पहिल्या पानावर सुरू करा आणि पाचही पानांवर सही करा. नोटरीचा शिक्काही पाचही पानांवर.

लोखंडी_बाक

नोटरी पुन्हा तोच आहे. या वेळी मी शेजारी उभा राहतो.